अणुबॉम्ब कुठे टाकायचा हे नक्की कोण ठरवते: राष्ट्राध्यक्ष की लष्कर?

सिनेमात दाखवतात तसा राष्ट्राध्यक्ष ऐनवेळी नकाशावर बोट ठेवून शहर निवडतो का, असे तुम्ही विचारले आहे. निदान अमेरिकेत तरी तसे नाही. तिथले जुने कागद खुले झाले आहेत, म्हणून तिथलेच सांगतो. मी लष्करातला नाही, हे कागद वाचायचा नाद आहे इतकेच.

खानावळीतली राईस प्लेट आठवा. 'भाजी नको, त्याऐवजी एक पोळी जास्त द्या' म्हटले की मालक कपाळाला आठ्या घालतो. १९६० साली अमेरिकेने पहिली एकत्रित अण्वस्त्र योजना केली, ती नेमकी अशी होती. कागदोपत्री नाव 'सिंगल इंटिग्रेटेड ऑपरेशनल प्लॅन', बोलताना 'सायॉप'. हो किंवा नाही म्हणणे राष्ट्राध्यक्षाच्या हाती, पण ताटात काय असणार ते नेब्रास्कातल्या ओमाहा इथे, हवाई दलाच्या स्ट्रॅटेजिक एअर कमांडच्या (अणुबॉम्ब टाकणारी विमाने सांभाळणाऱ्या विभागाच्या) मुख्यालयात ठरायचे.

हे तिथे का ठरू लागले, त्यात खरे राजकारण आहे. तोवर हवाई दलाची लक्ष्यांची यादी वेगळी, नौदलाची वेगळी, आणि एकाच ठिकाणावर दोघांचेही बॉम्ब. त्यातच नौदलाकडे पोलारिस क्षेपणास्त्रांच्या पाणबुड्या येत होत्या. त्यातली पहिली पाणबुडी नोव्हेंबर १९६०मध्ये गस्तीवर गेली. नौदलप्रमुख अर्ले बर्क यांचे म्हणणे असे की समुद्रात दडलेल्या मोजक्या पाणबुड्या शत्रूला, म्हणजे सोव्हिएत संघाला, गप्प बसवायला पुरेशा आहेत. हवाई दलाला हे कसे पटणार? मोजक्यात भागत असेल तर एवढी बॉम्बर विमाने हवीत कशाला! त्यांना लक्ष्ये हवी होती: विमानतळ, क्षेपणास्त्रांचे तळ, रडार. यादी जितकी लांब तितकी पैशांची मागणी मोठी. तत्त्वाच्या गप्पा दोन्हीकडे होत्या, पण माझ्या मते भांडण बजेटचे होते. ऑगस्ट १९६०मध्ये संरक्षणमंत्री थॉमस गेट्स यांनी तोडगा काढला: योजना एकच, प्रमुख स्ट्रॅटेजिक एअर कमांडचा, उपप्रमुख नौदलाचा. म्हणजे पारडे कुणाकडे झुकले ते उघड आहे.

राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्यांचे विज्ञान सल्लागार जॉर्ज किस्टियाकोव्स्की यांना ओमाहाला पाठवले. हा माणूस पहिल्या अणुबॉम्बच्या कामात होता, त्यामुळे त्याला आकड्यांनी दिपवणे कठीण. त्याने पाहिले की हिरोशिमाएवढ्या सोव्हिएत शहरासाठी साडेचार मेगाटनाचा एक आणि वर १.१ मेगाटनाचे तीन बॉम्ब लावले होते (एक मेगाटन म्हणजे दहा लाख टन टीएनटी स्फोटकाएवढी ताकद). हिरोशिमावरच्या बॉम्बच्या साधारण पाचशेपट! शिवाय हिशेब फक्त स्फोटाच्या धक्क्याचा, आगीने होणारी हानी धरलेलीच नव्हती. अहवाल ऐकून स्वतः आयझेनहॉवर हादरले. तरी डिसेंबरमध्ये योजना मंजूर झाली.

त्या योजनेत चीनवरही हल्ला होता, मग तो युद्धात असो वा नसो. चीनला वगळता येईल का, असे एका बैठकीत विचारल्यावर स्ट्रॅटेजिक एअर कमांडचे प्रमुख जनरल थॉमस पॉवर यांनी दिलेले उत्तर तिथे हजर असलेल्या एका अधिकाऱ्याने नंतर सांगितले आहे: करता येईल, पण कुणाच्या डोक्यात ते येऊ नये, सगळी योजनाच विसकटेल. मरीन कोअरचे (समुद्रमार्गे हल्ला करणाऱ्या सैन्याचे) प्रमुख डेव्हिड शूप मात्र उठून बोलले की ज्यांचे हे युद्धच नसेल अशा कोट्यवधी चिनी लोकांना मारणारी योजना चांगली असू शकत नाही. एवढ्या मोठ्या खोलीत असे बोलणारा एकच निघाला, हे मला आजही खटकते.

पुढे केनेडींचे संरक्षणमंत्री मॅकनमारा यांनी योजनेचे तुकडे पाडले, चीनला वेगळे काढता येईल अशी सोय केली. तरीही १९६९मध्ये निक्सन सत्तेवर आले तेव्हा त्यांच्यासमोर आलेले सगळे पर्याय प्रचंड हल्ल्यांचेच होते. छोटे, मर्यादित पर्याय तयार करा हा त्यांचा लेखी आदेश निघायला जानेवारी १९७४ उजाडले. राष्ट्राध्यक्षाला हवे असूनही पाच वर्षे!

भारताचेही विचारले आहे तुम्ही. ४ जानेवारी २००३ला सरकारने जाहीर केलेल्या धोरणानुसार अण्वस्त्रे वापरण्याचा अधिकार पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालील राजकीय परिषदेलाच आहे, आणि आपण पहिला वापर करणार नाही. नोव्हेंबर २०१६मध्ये तेव्हाचे संरक्षणमंत्री, आपले गोव्याचे मनोहर पर्रीकर, 'स्वतःला बांधून का घ्यायचे' अशा अर्थाचे बोलून गेले, आणि लगेच ते त्यांचे वैयक्तिक मत असल्याचा खुलासा झाला. ऑगस्ट २०१९मध्ये राजनाथ सिंह पोखरणमध्ये म्हणाले की पुढे काय होईल ते परिस्थितीवर अवलंबून आहे. तेव्हा मात्र वैयक्तिक मत वगैरे कुणी म्हटले नाही. आपल्या लक्ष्यांची यादी अर्थातच गुप्त आहे, त्यामुळे आपल्या ओमाहात कोण कोणाशी भांडते ते बाहेरून दिसत नाही.