तुमचे प्रश्न : समुद्राखालचा घोडा आणि पुसली गेलेली चिठ्ठी

प्रश्न : ताई, भाचीने आग्रह केला म्हणून नेटफ्लिक्सवर बोजॅक हॉर्समन ही कार्टून मालिका बघायला घेतली. बोजॅक हा घोडा नट, मांजर त्याची एजंट, सुरुवातीला नुसता टाइमपास वाटला. मग तिसऱ्या सीझनमधला समुद्राखालचा भाग आला, सगळी पळापळ, वेडेपणा, आणि शेवटी मला रडूच आवरेना. एवढ्या खुळचटपणात हे कुठून आलं? (वाचक, सांगली)

उत्तर : अहो मी पण रडलेय त्या भागाला, दोनदा बघितला आणि दोन्ही वेळा. 2016 सालचा भाग आहे तो, आणि त्यात जवळजवळ बोलणंच नाही, कारण बोजॅक पाण्याखालच्या फिल्म फेस्टिव्हलला गेलाय आणि डोक्यावर हवेचं हेल्मेट आहे, त्यामुळे त्याचं कुणाला ऐकू जात नाही. आता ही झाली गंमत. बसमध्ये शेजारच्या समुद्रघोड्याला कळा येतात (समुद्रघोड्यात पिल्लं नराच्याच पोटावरच्या पिशवीत वाढतात, हे खरंच तसं आहे बरं का), बोजॅक बिचारा बाळंतपण करतो, एक पिल्लू त्यालाच चिकटून राहतं आणि मग त्याला बापाकडे पोचवायला ही सगळी धावाधाव, टॉफीच्या कारखान्यातल्या मशिनी आणि काय काय.

पण त्याच फेस्टिव्हलला केल्सी आलेली असते, ती डिरेक्टर जिची नोकरी बोजॅकमुळे गेली आणि त्याने नंतर तिला एक फोनसुद्धा केला नाही. बोजॅकला तिला सॉरी म्हणायचंय पण तोंड उघडून उपयोग नाही. मग शेवटी तो चिठ्ठी लिहितो, खरोखर मनापासून, मालिकेत तोवर एवढं सरळ तो कुणाशी बोललेलाच नसतो, आणि ती घेऊन तिच्यामागे पळतो. ती कागद उघडते तर शाई पाण्यात पसरलेली, एक अक्षर लागत नाही. ती निघून जाते. आणि वर त्याला तेव्हा कळतं की हेल्मेटला बोलायचं बटण होतं, पहिल्यापासून.

आता बघा, ज्या गोष्टीवर आपण आख्खा भाग हसलो तीच गोष्ट शेवटी घशात अडकते. ते लोक म्हणतात ना कॉमेडी आणि इमोशनचा बॅलन्स, एवढे चमचे हे आणि एवढे चमचे ते, मला ते अजिबात पटत नाही. इथे पाणी एकच आहे. पाण्यात बोलता येत नाही म्हणून गंमत, आणि पाण्यात शाई टिकत नाही म्हणून घात. पळापळ काढून टाका आणि नुसती चिठ्ठी ठेवा, बघा तुम्हाला रडू येतंय का. मला नाही येणार.

दुसरं म्हणजे या मालिकेत वेडेपणा केला की तो पुसला जात नाही. पहिल्या सीझनमध्ये बोजॅक दारू पिऊन हॉलिवूडच्या पाटीवरचा शेवटचा डी चोरतो, तर पुढे सगळे त्या गावाला हॉलिवू म्हणायला लागतात, आणि ते तसंच चालू राहतं. एका विनोदाचं ओझं पुढचे कित्येक सीझन वाहायचं, तर माणसांना दिलेल्या जखमांचं का नाही वाहणार, एवढं साधं आहे ते.

प्रश्न : हीच कथा खऱ्या नटांना घेऊन केली असती तर? कार्टूनच कशाला? (वाचक, ठाणे)

उत्तर : चौथ्या सीझनमधला अकरावा भाग बघा, बोजॅकच्या आईचा. तिला विस्मरण झालंय आणि आपण तिच्या आठवणींच्या आत आहोत. तिथे कित्येक माणसांना चेहरेच नाहीत, आणि घरात कामाला असलेल्या एका बाईचा चेहरा तर काळ्या रेघोट्या मारून खोडलेला, मुलं वहीत खोडतात ना तस्सा. का खोडला ते भागाच्या शेवटाकडे कळतं, मी सांगत नाही. माझ्या आजीचं शेवटी शेवटी असंच झालं होतं, ती आमच्याकडे बघायची तेव्हा तिला काय दिसत असेल हे मला कधी कळलं नव्हतं, ते त्या रेघोट्यांनी दाखवलं. चित्राला हे एका क्षणात जमतं. चित्रांची घडण लिसा हॅनावॉल्टची आणि मालिका राफाएल बॉब-वॅक्सबर्गची, 2014 ते 2020, सहा सीझन.

प्रश्न : बोजॅकच्या घरी राहणाऱ्या त्या टॉडच्या येड्या भानगडी ढकलून पुढे गेलं तर चालेल का? (वाचक, पणजी)

उत्तर : नका ना ढकलू. श्वास घ्यायला जागा लागतेच.

प्रश्न : माझा 13 वर्षांचा मुलगा प्राणी बघून मागे लागलाय, बघू देऊ का? (वाचक, नागपूर)

उत्तर : नको, इतक्यात नको. दारू, ड्रग्ज, आत्महत्या सगळं उघड आहे त्यात, आणि प्राणी असले तरी लागतं मनाला. चारपाच वर्षांनी तुम्ही शेजारी बसून बघा, समुद्राखालचा भाग आला की मध्ये काही बोलू नका, चिठ्ठी उघडेपर्यंत थांबा.