गुणांची वाटणी आणि फाशाचं गणित : वाचकांचे प्रश्न

या खेपेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ (एकेक काल्पनिक पात्र घेऊन, फाशावर यशापयश ठरवत खेळायचा गोष्टीचा खेळ) खेळणाऱ्यांची पत्रं बरीच आली आणि बहुतेक सगळी एकाच जागी अडलेली दिसली : नवं पात्र बनवताना आकडे कुठे घालायचे? पात्राला सहा गुण असतात : स्ट्रेंथ (ताकद), डेक्स्टेरिटी (चपळाई), कॉन्स्टिट्यूशन (काटकपणा), इंटेलिजन्स (बुद्धी), विस्डम (जाण) आणि करिश्मा (छाप). त्यांचे आकडे २७ पॉइंटांत विकत घेता येतात. उत्तरं २०१४ च्या नियमांना धरून दिली आहेत, कारण पत्रांतली पात्रं त्याच नियमांची आहेत. २०२४ च्या सुधारित नियमांत गुणवाढ वंशाऐवजी (एल्फ, हाफ-ऑर्क वगैरे) पार्श्वभूमीतून (पात्राच्या आधीच्या आयुष्यातून) मिळते, एवढं ध्यानात ठेवावं.

प्रश्न : माझा हाफ-ऑर्क फायटर कुठेच कमी पडू नये म्हणून २७ पॉइंटांत स्ट्रेंथ, कॉन्स्टिट्यूशन, विस्डमला १३ आणि बाकी तिन्हींना १२ असे गुण घेतले. तरी दोन लढायांत सगळ्यांत कमी गॉब्लिन मीच मारले. फासाच वाईट आहे का?
— इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : फाशाला बोल लावू नकोस. बेरीजही बरोबर २७ आहे. पण त्यातले दोन पॉइंट फुकट गेले आणि उरलेले सगळीकडे सांडले.

खेळात गुण स्वतः फारसा वापरला जात नाही, त्याचा मॉडिफायर, म्हणजे वीस बाजूंच्या फाशात मिळवायचा आकडा, वापरला जातो. गुणातून १० वजा कर, निम्मे कर, अर्धा उरला तर खाली उतर. म्हणजे १२ आणि १३ दोन्हींचा +१, १४ आणि १५ दोन्हींचा +२. विषम आकडा घ्यायचा तो वंशाचा +१ त्याला सम करणार असेल तरच, किंवा एखादी अट गाठायची असेल तर. चेनमेलला (कड्यांच्या चिलखताला) स्ट्रेंथ १३ लागते, प्लेट चिलखताला १५. त्याहून कमी असेल तर वेग १० फुटांनी घटतो. हाफ-ऑर्कला स्ट्रेंथ +२ आणि कॉन्स्टिट्यूशन +१ मिळतो. तुझी स्ट्रेंथ १३ ची १५ झाली, पण १४ लाही +२ च मिळाला असता. विस्डमचे १३ तर १२ सारखेच.

किमतीचा तक्ता पाठ असू दे : ८ फुकट, तिथून १३ पर्यंत प्रत्येक पायरीला एक पॉइंट, १४ आणि १५ च्या पायऱ्यांना दोन-दोन. म्हणून १३ ला ५, १४ ला ७ आणि १५ ला ९.

आता तुझी पाळी आली की हा फायटर बहुतेक वेळा काय करतो? तलवार चालवतो आणि मार खातो. पॉइंट तिथेच जायला हवेत. अशी वाटणी करून बघ : स्ट्रेंथ १४, डेक्स्टेरिटी १०, कॉन्स्टिट्यूशन १५, इंटेलिजन्स ८, विस्डम १४, करिश्मा १०. खर्च ७+२+९+०+७+२, बरोबर २७. वंशाची वाढ धरून स्ट्रेंथ १६, कॉन्स्टिट्यूशन १६. डेक्स्टेरिटी १० वर सोडली, कारण चेनमेलसारख्या जड चिलखतात ती आर्मर क्लासमध्ये (घाव लागायला फाशाच्या बेरजेने गाठायच्या आकड्यात) धरतच नाहीत. चेनमेल आणि ढाल मिळून १८ होतातच. पहिल्या लेव्हलला हिट पॉइंट, म्हणजे मार झेलायची ताकद, १३. विस्डम १४ ठेवली ती भुरळ घालणाऱ्या, भीती बसवणाऱ्या मंत्रांसाठी. धडधाकट फायटर मंत्राखाली येऊन आपल्याच माणसांवर तलवार उपसतो, तो प्रसंग फार महागात जातो.

फरक किती पडतो? गॉब्लिनचा आर्मर क्लास १५ आणि हिट पॉइंट ७. फायटिंग स्टाइल (फायटरचं खास कसब) आणि क्रिटिकल (फाशावर २० पडल्यावरचा जास्तीचा घाव) बाजूला ठेवले, तर लाँगसोर्डच्या एका घावात त्याला आडवा करण्याची तुझी आजची शक्यता २५ टक्के; नव्या वाटणीत ती सुमारे ३४. चौथ्या लेव्हलला दोन गुण वाढवायला मिळतात, ते स्ट्रेंथमध्ये घातले की १८ होऊन ४५ टक्के. जुन्या पात्राची स्ट्रेंथ तेव्हा १७ वर, म्हणजे पुन्हा विषम आकड्यावर अडकते.

प्रश्न : करिश्मा ८ म्हणजे माझी रेंजर दिसायला वाईट आणि इंटेलिजन्स ८ म्हणजे मठ्ठ, असं दादा म्हणतो. खरं का?
— इयत्ता नववी, राजेंद्र नगर, इंदूर

उत्तर : नाही. ८ चा मॉडिफायर फक्त −१ आहे, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर एका घराचा फरक. तुझी रेंजर कशी दिसते आणि कशी बोलते ते तू ठरव. दादाच्या पात्राची विस्डम किती आहे, तेही एकदा विचार.

प्रश्न : आम्ही चौघांनीही परसेप्शन (आसपासचं टिपणं) आणि स्टेल्थ (लपतछपत जाणं) ही कौशल्यं घेतली, कारण सगळीकडे तेच सर्वांत उपयोगी म्हणतात. आता वेशीवरच्या पहारेकऱ्याशी बोलायलाही कोणी पुढे होत नाही. कौशल्यं गटात कशी वाटावीत?
— चार मित्र, लोकमान्य नगर, इंदूर

उत्तर : चौघांनी शेव आणली आणि पोहे कोणी केलेच नाहीत, असं झालं. ऐकलेला सल्ला खोटा नाही, पण तो एकेकट्या पात्राला लागू पडतो.

एकूण १८ कौशल्यं आहेत. बहुतेक पात्रांना क्लासमधून (फायटर, विझर्ड अशा पेशातून) दोन आणि पार्श्वभूमीतून दोन मिळतात. ‘रोग’ या चोरट्या क्लासला तिथूनच चार. पहिल्या चार लेव्हलना प्रशिक्षणाचा बोनस +२, म्हणजे यशाची शक्यता दहा टक्क्यांनी वाढते. म्हणून आधी कोणत्या पात्राचा कोणता गुण मोठा आहे ते बघा आणि त्या गुणाखालची कौशल्यं त्यालाच द्या. विस्डम ८ च्या पात्राने परसेप्शन घेऊन हाती +१ लागतो. विस्डम १४ च्या पात्राला प्रशिक्षण न घेताच +२ आहे.

परसेप्शन दोघांकडे पुरतं. एक पहाऱ्यावर, एक झोपलेला. पाळी बदलली तरी कोणीतरी जागं राहतं. स्टेल्थ सगळ्यांना लागतं हा समज गट लपतछपत जाताना होतो. पण तिथे डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) गटाची चाचणी घेऊ शकतो : सगळे फासे टाकतात आणि निम्मे जमले की गट सुटतो. दोघांचं स्टेल्थ चांगलं असेल, तर चेनमेलवाल्याने त्यात कौशल्य घालवू नये. त्याला तसेही दोन फासे टाकून लहान आकडा घ्यावा लागतो.

बोलणारा एक हवाच. करिश्मा ज्याची मोठी, त्याने परसुएशन (मन वळवणं) आणि डिसेप्शन (फसवणं) दोन्ही घ्यावीत, आणि समोरचा खोटं बोलतो का ते ताडायला विस्डमवाल्याने इनसाइट. अॅथलेटिक्स सगळ्यांत बलवान पात्राला द्या. चढणं, पोहणं, शत्रूला धरणं आणि ढकलणं एवढं सगळं त्यात येतं. इन्व्हेस्टिगेशन आणि परसेप्शन एकच समजू नका : भिंतीआडून येणारा वारा जाणवणं हे परसेप्शन, आणि त्या वाऱ्यावरून चोरदरवाजा कुठे असेल ते ताडणं हे इन्व्हेस्टिगेशन. कुलूप उघडायला तर कौशल्य लागतच नाही. तिथे चोरांच्या हत्यारांचं प्रशिक्षण लागतं, जे ‘रोग’ क्लासला आपोआप मिळतं.

मेडिसिनवर जागा घालवू नका असंच आम्ही सांगू. ५ सोन्याच्या नाण्यांना हीलर्स किट मिळतं. ते दहा वेळा चालतं, आणि मरणपंथाला लागलेल्या सोबत्याला फासा न टाकता स्थिर करतं. परफॉर्मन्सही बार्डने (गाणाऱ्या-वाजवणाऱ्या पात्राने) घ्यावं, इतरांनी हौस असेल तरच.

तुमच्यापैकी कोणाला क्लास आणि पार्श्वभूमी दोन्हीकडून स्टेल्थच मिळालं असेल, तर नियमाने दुसऱ्याऐवजी अठरापैकी कोणतंही कौशल्य घेता येतं. हे पुष्कळांच्या नजरेतून सुटतं. तुमच्या कागदांवर तसं झालं आहे का ते आधी तपासा. कदाचित परसुएशनची जागा तिथेच निघेल.

प्रश्न : गणपतीत घरी आलेल्या नातवाने मला खेळात ओढलं. हाय-एल्फ विझर्ड (मांत्रिक) करून दिला : इंटेलिजन्स १५, विस्डम १४, करिश्मा १४, डेक्स्टेरिटी १२, बाकी ८. म्हणाला, ‘आजी, तू शहाणी आणि गोड बोलणारी.’ पण पहिल्याच घावाला मी आडवी. यापेक्षा सोपं पात्र घ्यावं का?
— एक आजी, रामबाग, इंदूर

उत्तर : आजी, नातवाने तुमचे गुण कागदावर उतरवले, विझर्डचे नाही! विझर्डला पहिल्या लेव्हलला हिट पॉइंट ६ आणि त्यात कॉन्स्टिट्यूशनचा मॉडिफायर. तुमचा ८ चा −१, म्हणून ५ उरले. गॉब्लिनची तलवार लागली की सहा बाजूंच्या फाशावर ३ पडले तरी पाचही जातात.

त्याला अशी वाटणी करायला सांगा : इंटेलिजन्स १५, डेक्स्टेरिटी १४, कॉन्स्टिट्यूशन १४, विस्डम १२, स्ट्रेंथ आणि करिश्मा ८. २७ पॉइंटच लागतात. हाय-एल्फची वाढ धरून इंटेलिजन्स १६, डेक्स्टेरिटी १६, हिट पॉइंट ८. मेज आर्मर मंत्र म्हटला की आर्मर क्लास १६, म्हणजे चेनमेलएवढा, आणि तो आठ तास टिकतो. एक मात्र ध्यानात ठेवा : पहिल्या लेव्हलला तुमच्याकडे स्पेल स्लॉट (मंत्र म्हणायच्या खेपा) दोनच, त्यातला एक इथे जातो. थोडी विश्रांती झाली की आर्केन रिकव्हरीने दिवसातून एकदा एक स्लॉट परत मिळतो, तेवढं नातवाला आठवण करून द्या.

कॉन्स्टिट्यूशनचा आणखी एक उपयोग आहे. काही मंत्र लक्ष एकवटून धरून ठेवावे लागतात आणि घाव लागला की ते सुटतात का हे कॉन्स्टिट्यूशनवर ठरतं. साध्या घावाला फाशाची बेरीज १० हवी. −१ असताना शक्यता निम्मी, +२ असताना ६५ टक्के.

मंत्रांच्या यादीने घाबरू नका. रोज चारच तयार ठेवायचे आहेत : मेज आर्मर, शील्ड, स्लीप, मॅजिक मिसाइल. मॅजिक मिसाइलला नेम धरावा लागत नाही, तिन्ही बाण लागतातच. एवढ्यावर दोन-तीन बैठका सहज निघतात. तरीही कंटाळा आला, तर वरचा फायटर सोपा आहे.

प्रश्न : वीस बाजूंचा फासा नाही, लुडोचे फासे आहेत. त्यावर भागेल का? आणि गुण पॉइंटांनी घ्यावेत की फासे टाकून?
— वाचक, महू

उत्तर : लुडोचे फासे गुण काढायला चालतात : चार टाका, सर्वांत लहान सोडा, तिघांची बेरीज करा, असं सहा वेळा. सरासरी १२ च्या थोडी वर येते. पण एकाला १७, १६, १५ आणि शेजारच्याला १२, ११, ९ असंही होतं आणि ते अख्खी मोहीमभर सलतं. आमचं मत पॉइंटांच्या बाजूने. फासेच हवे असतील, तर सगळ्यांनी टाकावेत आणि त्यातली एकच आवडलेली सहा आकड्यांची ओळ सर्वांनी वापरावी.

विसाच्या फाशासाठी हाउजीच्या सोंगट्यांतल्या १ ते २० पिशवीत घाला. काढलेली सोंगटी दर वेळी परत टाकून पिशवी हलवा, नाहीतर २० एकदा निघाला की संपलाच. लुडोचे फासे बेरीज करून वापरू नका; बेरजा मधल्या आकड्यांवर गोळा होतात आणि वरचं सगळं गणित मोडतं.

प्रश्न : मी डीएम आहे. मोहीम माळव्यात रचली आहे : रात्री राजवाड्यात शिरून एक मोडी कागद शोधायचा. चाचण्यांचे आकडे किती ठेवू?
— टिळक नगर, इंदूर

उत्तर : फासा आणि बोनस मिळून गाठायचा आकडा सोप्याला १०, मध्यमला १५, अवघडला २०. पहिल्या लेव्हलचं निष्णात पात्र +५ वर असतं, त्याला १५ गाठायची शक्यता ५५ टक्के. २० ठेवलात तर ती ३० वर येते, म्हणून २० चा वापर कमी.

इंदूरच्या राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी आणि वरचे लाकडी, हे तुमच्या पथ्यावर पडतं. दगडी भिंतीला १५ ठेवा, वर सज्जे आणि कोरीव खांब हाताला लागतात तिथे १०. चाचणी अॅथलेटिक्सची, खेळाडू अॅक्रोबॅटिक्स पुढे करतील, पण ते तोल सांभाळायला आहे. लाकडी मजल्यावर फायर बोल्ट मंत्र मोकळ्या वस्तूला लागला की ती पेटते, हे विझर्डला आधीच सांगून ठेवा. खरा राजवाडा १९८४ मध्ये जळाला होता, तेवढा पुरे.

मोडी लिपी वाचता येणं हे कौशल्य धरू नका, भाषेसारखं धरा : पात्राला येते किंवा येत नाही. शिक्का कोणाचा हे हिस्ट्री, कागद बनावट आहे का हे इन्व्हेस्टिगेशन, शाई अजून ओली आहे हे परसेप्शन. पुढची गोष्ट ज्या ओळीवर उभी आहे, ती ओळ फासा न टाकता हाती लागू द्या आणि फासा जास्तीच्या माहितीसाठी ठेवा. नाहीतर चौघांचे फासे लहान पडले की मोहीम त्या कपाटापाशीच थांबते.

भिंतीवरून कोणी पडलंच, तर दर १० फुटांना सहा बाजूंचा एक फासा. पहिल्या लेव्हलच्या पात्रांसाठी ३० फुटांच्या वर चढायची वेळ आणू नका, किंवा आधी दोर सापडेल असं करा.