गॉस्पेल वादकाची कागदपत्रं : तुमचे प्रश्न

प्रश्न : माझे सासरे शिकागोच्या एका बॅप्टिस्ट चर्चमध्ये गॉस्पेलसाठी, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकी चर्चच्या भक्तिगीतांसाठी, ऑर्गन वाजवत आणि क्वायर (गायकवृंद) बसवत. त्यांची खोकी तळघरात पडून आहेत. सुरुवात कुठून करू?

उत्तर : आधी खोकी वर, राहत्या खोलीत आणा. पाणी शिरतं ते तळघरातच; पोटमाळा उन्हाळ्यात तापतो, तोही नको. तापमान २१ अंशांच्या आत आणि आर्द्रता ३० ते ५० टक्के असावी. लगेच लावालावी करू नका. प्रत्येक खोकं उघडून आहे तसा फोटो काढा. गाण्याचा कागद, क्वायरची यादी आणि अंत्यविधीची पत्रिका एकाच गठ्ठ्यात निघाली, तर ते गाणं कुणासाठी बसवलं होतं हे त्यावरूनच समजतं. गठ्ठा मोडला की तो धागा तुटला. रबरबँड आणि गंजलेल्या टाचण्या मात्र काढाच. सेलोटेप आणि लॅमिनेशन नको. दोन्ही नंतर निघत नाहीत आणि कागदाची कायमची हानी करतात.

प्रश्न : एकाच छापील गाण्याच्या पाच-पाच प्रती आहेत. एक ठेवून बाकीच्या टाकू?

उत्तर : कोऱ्या असतील तर खुशाल. पेन्सिलीची एकही खूण असेल तर ती प्रत ठेवायची. गॉस्पेल क्वायर बहुतेक कानाने शिकते, छापील कागदावर फक्त सांगाडा असतो. ‘इथे अर्धा स्वर वर’, ‘व्हॅम्प चारदा’ (व्हॅम्प म्हणजे पुन्हापुन्हा घोळवायचा छोटा तुकडा), एकट्याने गाणाऱ्याचं नाव, असं समासात लिहिलेलं असतं, आणि खरी बांधणी तीच. खोडरबर चुकूनही लावू नका. स्कॅन ४०० डीपीआयवर (इंचाला ४०० ठिपके), रंगीत, टिफ (दर्जा न घटवणारी फाइल) स्वरूपात करा. कृष्णधवल स्कॅनमध्ये फिकट शिसं हरवतं.

प्रश्न : खोक्यांत ध्वनिमुद्रणाच्या टेपही आहेत. वाजवून बघू का?

उत्तर : घरच्या यंत्रावर नको. व्हिनेगरचा वास येणारी रिळं वेगळी ठेवा. १९७०-८०च्या दशकांतली काही रिळं ओलावा धरून चिकट होतात. तशीच वाजवली तर चुंबकीय थर खरवडला जातो. ती जाणकाराकडेच द्या. कॅसेटच्या वरच्या कडेचे दोन्ही प्लास्टिक दात मोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही.

प्रश्न : हे सगळं चर्चलाच द्यावं का?

उत्तर : एकुलती प्रत तिथे ठेवू नका. गॉस्पेल संगीताचे जनक मानले जाणारे थॉमस डॉर्सी ज्या पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चचे संगीतप्रमुख होते, ते शिकागोतलं चर्च जानेवारी २००६मध्ये जळालं आणि त्यांची काही मूळ कागदपत्रंही गेली. टेक्सासचं बेलर विद्यापीठ जुन्या गॉस्पेल ध्वनिमुद्रणांचं डिजिटायझेशन करतं. टेपसाठी तिथे विचारा. कुठेही दिलंत तरी दानपत्र लेखी करा. कागद दिला म्हणजे गाण्याचा कॉपीराइट दिला असं होत नाही. तो वारसांकडे राहणार की संस्थेकडे, हे दानपत्रात स्पष्ट लिहून घ्या.