नोकरीसाठी कायमचं जर्मनीला जातोय, निघण्याआधी काय उरकू?

आधी बँक. अनिवासी झालात की साधं बचत खातं चालत नाही, ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयातलं खातं, करून घ्या. पीपीएफ मुदतीपर्यंत चालतं, पुढे वाढवता येत नाही. इथल्या फ्लॅटचं मुखत्यारपत्र आईबाबांच्या किंवा भावाच्या नावे निघण्यापूर्वीच करा. तिकडून वकिलातीच्या खेपा घालणं म्हणजे डोकेदुखी.

तिकडे घर मिळालं की 14 दिवसांत पत्त्याची नोंदणी, म्हणजे आनमेल्डुंग. त्याला घरमालकाचं पत्र लागतं, भाडं ठरवतानाच विचारून घ्या. आपलं लायसन्स 6 महिनेच चालतं.

आणि भाषा! ब्लू कार्डवाल्यांना (उच्चशिक्षितांचा नोकरीचा परवाना) बी-1, म्हणजे मध्यम पातळीचं जर्मन असेल तर 21 महिन्यांत कायम वास्तव्य मिळू शकतं, ए-1, म्हणजे अगदी सुरुवातीच्या पातळीवर 27. पुण्यात असाल तर मॅक्सम्युलर भवनात आजच नाव घाला. कुकर इथूनच न्या.