सेटलमेंटचे पैसे भरायच्या आधी पत्र हातात घ्या

तुमची पोस्ट वाचून माझंच २०१९ साल समोर आलं. तुमचीही तीच गत: तीन क्रेडिट कार्डं, एकाचं भरायला दुसऱ्यातून काढायचं, वसुलीवाल्याचे फोन ऑफिसात, आणि आता सेटलमेंट म्हणून तो म्हणतो "अर्ध्यात मिटवतो, आजच भरा". कृपा करून आज भरू नका.

माझा पगार २२ हजार होता. बँकेने पगार न विचारता ४० हजाराचं लिमिट दीड लाख करायचा मेसेज पाठवला, मी 'हो' दाबलं. माझं चुकलंच, खर्च मीच केला. पण २२ हजारवाल्याला दीड लाख देऊ करणारा काही बघतच नाही का? एक लाख थकले, व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे ३५०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ६३०. मिनिमम म्हणून पाच हजार भरले की मुद्दल हलतं जेमतेम ८७० ने. हे मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

सगळ्यात महाग पडली ती पुढची चूक. एजंट फोनवर म्हणाला ५५ हजारात फाइल बंद. मेहुण्यांकडून उसने घेऊन त्याच दिवशी भरले, कागद काहीच घेतला नाही. अकरा महिन्यांनी नवीन एजन्सीचा फोन, म्हणे ते पैसे पार्ट पेमेंट होते, बाकी व्याजासकट भरा. ब्रँच म्हणे हेड ऑफिसला विचारा, हेड ऑफिस म्हणे ब्रँचला, चार वेळा रजा टाकून गेलो, कुणीही लिहून काही दिलं नाही आणि माझ्याकडेही दाखवायला काही नव्हतं. शेवटी सगळं भरलं.

म्हणून बँकेच्या लेटरहेडवर किंवा बँकेच्याच मेलवरून रक्कम, तारीख आणि 'यानंतर काही बाकी नाही' हे आल्याशिवाय एक रुपया देऊ नका, आणि भराल तेही थेट कार्ड खात्यात, एजंटच्या यूपीआयवर कधीच नाही. सेटलमेंट केली तरी सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जफेडीच्या नोंदीत, 'सेटल्ड' (पूर्ण न फेडता मिटवलं) असा शेरा राहतो, त्यामुळे हप्त्याने पूर्ण फेडणं जमत असेल तर माझं मत तिकडेच. मी वकील नाही, तुमचं प्रकरण वेगळं असू शकतं.

आणि हो, सकाळी ८ च्या आधी, संध्याकाळी ७ नंतर वसुलीचा फोन करायला आरबीआयची मनाई आहे, २०२२ चं परिपत्रक आहे. कॉल लॉगचे स्क्रीनशॉट ठेवा, बँकेला लेखी तक्रार करा, ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर आरबीआयच्या लोकपालाकडे जा, फी लागत नाही.

पत्र आलं की नाव-नंबर झाकून इथे टाका, मी वाचून सांगतो.