‘मला राग येतो’ आणि ‘मी रागीट आहे’, फरक काय?

प्रश्न असा आलाय की ‘मला राग येतो’ आणि ‘मी रागीट आहे’ दोन्हीचा अर्थ एकच ना, मग स्वतःला ‘मी असाच, मी तसाच’ म्हणू नका, त्याने व्यक्तिमत्व तसंच बनत जातं असं मानसशास्त्रवाले का सांगतात, आणि मराठीत असा काही फरक आहे तरी का.

आहे की, चांगला ठसठशीत आहे.

‘मला राग येतो’ मध्ये कर्ता कोण ते बघा. मी नाही, राग. क्रियापद रागाच्या मागे जातं, म्हणून राग येतो, भीती वाटते, रडू येतं, आणि बोलणारा पुरुष आहे की बाई याच्याशी त्या क्रियापदाला काही देणंघेणं नसतं. मी तिथे नुसता ‘मला’ होऊन चतुर्थीत बसलेला. भाषाशास्त्रात अशा ‘मला’ला अनुभवक, म्हणजे भावना अनुभवणारा, म्हणतात. ही काही एकट्या मराठीची ठेवण नाही, हिंदीत ‘मुझे गुस्सा आता है’, कन्नडमध्ये ‘ननगे कोप बंतु’, सगळीकडे राग येणारा आणि म्हणून जाणाराही. ‘मी रागीट आहे’ म्हटलं की येणं-जाणं संपलं, राग माझं विशेषण होऊन बसला. पहिलं वाक्य ऐकून समोरचा विचारतो, कधी? कशामुळे? दुसऱ्यावर काय विचारणार, फार तर ‘स्वभावाला औषध नाही’ म्हणून गप्प बसणार.

यापेक्षा बारीक फरक ‘घाबरा’ आणि ‘घाबरट’ मध्ये आहे. घाबरा झाला म्हणजे त्या वेळेपुरता, पाणी पिऊन दोन मिनिटं बसला की ठीक. घाबरट मात्र ‘होत’ नाही, तो असतोच! तसंच रागावलेला आणि रागीट, चिडलेला आणि चिडका, रडवेला आणि रडका. यातले ‘चिडलेला’सारखे शब्द त्या वेळची अवस्था सांगतात आणि ‘चिडका’सारखे कायमचा शिक्का मारतात. म्हणून चिडलेल्या मुलाला ‘चिडलायस का?’ विचारणं आणि ‘चिडका कुठला!’ म्हणणं यात नुसता शब्दाचा फरक नाही, पहिल्यात त्याला उत्तर द्यायला जागा आहे.

गंमत म्हणजे प्रत्येक भावनेतून असा शिक्का निघत नाही. भीतीतून भित्रा निघतो, लाजेतून लाजाळू, पण कंटाळ्यातून ‘कंटाळवाणा’ निघतो तो कंटाळणाऱ्या माणसाला नाही, ज्याने कंटाळा आला त्याला लागतो, किळसवाणाचं तेच. सारखं कंटाळणाऱ्याला नेमका शब्द चटकन सुचत नाही म्हणून आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो, जे बरेचदा अन्यायाचं असतं.

आता मानसशास्त्राकडे. डॅरिल बेम या मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये मांडलं होतं की आतून काही स्पष्ट कळत नसेल तर माणूस स्वतःचा स्वभाव स्वतःच्या वागण्यावरूनच ताडतो, जसा दुसऱ्याचा ताडतो तसाच. म्हणजे चार वेळा ओरडलो, म्हणजे मी तापट असणार. एकदा हे ठरलं की ओरडलेले प्रसंग बरोबर लक्षात राहतात आणि शांतपणे निभावून नेलेले मोजलेच जात नाहीत, शिवाय ‘मी आहेच तापट’ म्हटल्यावर आवरायचा प्रयत्न तरी कोण कशाला करेल, मग पुन्हा ओरडणं आणि पुन्हा तोच पुरावा. विचारांची चुकीची वळणं सुधारणाऱ्या उपचारपद्धतीत (कॉग्निटिव्ह थेरपी) स्वतःवर असा शिक्का मारण्याला लेबल लावणं म्हणतात. डेव्हिड बोरलंड यांनी तर १९६५ मध्ये ‘ई-प्राइम’ नावाचं इंग्रजी सुचवलं ज्यात ‘असणे’ हे क्रियापद कुठल्याच रूपात वापरायचं नाही, म्हणजे ‘मी रागीट आहे’ म्हणताच येणार नाही, आणि अल्बर्ट एलिस या मानसोपचारतज्ज्ञाने आपली काही पुस्तकं तशी लिहूनही दाखवली. मला तो जरा अतिरेक वाटतो, पण हेतू समजतो. आपल्याकडे निदान भावनांपुरतं तरी एवढं करायची गरज नाही, ‘मला येतो’ तयार आहे.

पण म्हणून मराठी बोलणारे आपोआप समंजस होतात असं कुणी म्हणू नये. कारण ‘मला राग येतो’ ही पळवाटही आहे, राग आला, मी काय करू! इथे पुढची क्रियापदं बघा: राग येतो खरा, पण राग धरतो मी, राग काढतो मी, गिळतोही मीच. येण्यावर ताबा नसेल, धरण्या-काढण्यावर असतो, आणि व्याकरणाने तिथे कर्ता बरोबर बदललेला आहे. शिवाय आपण सोयीने वाक्यं निवडतो ते वेगळंच, मला राग येतो आणि शेजारी तापट असतो. आपला तो बाळ्या, दुसऱ्याचं ते कार्टं.

तेव्हा माझं मत विचाराल तर रागीट, भित्रा, लाजाळू हे शब्द टाकून द्यायची काही गरज नाही, गोष्टीत, वर्णनात ते हवेतच. फक्त आरशासमोर किंवा मुलांसमोर वापरताना आधी ‘-लेला’ वालं रूप चालतंय का बघावं, बहुतेक वेळा चालतं.

आणि जाता जाता, प्रश्नात ‘व्यक्तिमत्व’ लिहिलंय (वर मीही मुद्दाम तसंच ठेवलं), तिथे दोन त हवेत. व्यक्तिमत् अधिक त्व, म्हणून व्यक्तिमत्त्व. महत्त्व आणि तत्त्वाचंही तसंच, पण ‘नेतृत्व’ला मात्र एकच.