वाचकांचे प्रश्न : बोंडू, हुमण आणि लाल चिखलाचे डाग

या वेळच्या बहुतेक पत्रांत एक गोष्ट सारखीच आहे: डाग दिसला की आधी साबणाची वडी घासली गेली. निम्मे डाग तिथेच पक्के होतात.

बोंडू (काजूची फळे) मळताना उडालेला रस त्या वेळी दिसला नाही. धुऊन वाळवल्यावर सुती कपड्यावर तपकिरी ठिपके उमटले. काय करावे?
– एक वाचक, वाळपई

बोंडूचा रस ताजा असताना जवळजवळ बिनरंगी असतो. त्यातले टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, हवा लागली की तपकिरी होते, म्हणून डाग दुसऱ्या दिवशी 'उगवल्या'सारखा वाटतो. साबणाच्या वडीने टॅनिन धाग्यात अधिकच धरून बसते आणि इस्त्रीने ते भाजून निघते. पाण्यात लोह असेल किंवा कपडा गंजक्या बादलीत भिजवला असेल, तर टॅनिन आणि लोह मिळून चक्क शाईसारखा काळा रंग तयार होतो. केळीच्या चिकाचेही असेच होते. म्हणून प्लास्टिकचीच बादली घ्या.

रस उडाल्याचे कळताच, डाग दिसत नसला तरी, तो भाग वाहत्या थंड पाण्याखाली धरा. डाग उमटला असेल तर १ लिटर पाण्यात २ मोठे चमचे पांढरे व्हिनेगर आणि १ छोटा चमचा पातळ डिटर्जंट घालून अर्धा तास भिजवा आणि स्वच्छ खळबळून घ्या. तरीही राहिला आणि कपडा पांढरा सुती असेल, तर औषधाच्या दुकानातले ६ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड तितक्याच पाण्यात मिसळून डागावर लावा. १५ मिनिटांनी धुवा, गरज वाटल्यास पुन्हा लावा. रंगीत कपड्यावर आधी आतल्या शिवणीवर थेंब टाकून पाहा.

बियांच्या टरफलातले तेल मात्र वेगळे. ते कातडीही भाजते आणि कपड्यावरचा त्याचा काळा डाग सहसा पूर्ण जात नाही. बिया सोलताना आणि भाजताना जुनाच कपडा अंगावर असावा.

पांढऱ्या शर्टावर हुमण (नारळाच्या रसातले माशांचे कालवण) सांडले. साबण लावताच पिवळा डाग लाल झाला. शर्ट वाया गेला का?
– एक वाचक, म्हापसा

नाही. हळदीतला रंग अल्कधर्मी साबणात लाल होतो, एवढेच. त्यावर लिंबाचा थेंब टाका, पुन्हा पिवळा दिसेल. पण पिवळा झाला म्हणजे डाग गेला असे नव्हे.

हुमणाच्या डागात एकावर एक बऱ्याच गोष्टी असतात: नारळाची स्निग्धता, हळद-मिरचीचा रंग आणि सोले (आमसुले) घातली असतील तर त्यांचा जांभळट रंग. हळद आणि मिरचीचे रंग तेलात विरघळतात, त्यामुळे तेल आधी काढले की रंगाचा बराच भाग त्याच्याबरोबर निघतो. हा क्रम महत्त्वाचा. सुरुवातीलाच गरम पाणी ओतले तर हळद धाग्यात आत शिरते.

चमच्याने रस्सा उचलून घ्या, पुसू नका. पुसल्याने डाग पसरतो. उलट्या बाजूने थंड पाणी सोडा, म्हणजे सोलांचा रंग वाहून जाईल. मग कोरड्या कपड्याने टिपा, भांडी घासायच्या लिक्विडचे ४-५ थेंब थेट डागावर घाला, बोटांनी हलके चोळा आणि १५ मिनिटे तसेच राहू द्या. धुऊन हेच पुन्हा एकदा करा. उरलेल्या पिवळेपणाला उन्हासारखा उपाय नाही: कपडा ओला असतानाच डाग वर ठेवून ३-४ तास कडक उन्हात पसरा. प्रकाशात हळदीचा रंग मोडतो, मिरचीचाही फिका होतो. पावसाळ्यात ऊन नसेल तेव्हा वर सांगितलेले पेरॉक्साइड वापरा. डाग पुरता जाईपर्यंत इस्त्री नको.

चिखलकाल्यातल्या कपड्यांची लाली जात नाही.
– एक वाचक, माशेल

चिखलकाला म्हणजे चिखलात खेळायचा उत्सव. काल्यात अंगाला तेल लावलेले असते, त्यामुळे ही माती तेलात कालवलेली असते. चिखल ओला असताना चोळू नका. पूर्ण वाळू द्या, झटका, कोरड्या ब्रशने झाडा. मग भांड्यांच्या लिक्विडने तेल काढा आणि डिटर्जंटमध्ये रात्रभर भिजवा. आपल्या मातीचा लाल रंग लोहाच्या गंजाचा आहे. त्यावर क्लोरीनचे ब्लीच चालत नाही, उलट गंजाचा डाग पक्का करते. १ लिटर कोमट पाण्यात १ मोठा चमचा लिंबूसत्त्व (सायट्रिक ॲसिड) घालून तासभर ठेवा आणि नीट धुवा. फिकट छटा राहू शकते. पुढच्या वर्षी तेच कपडे काल्याला ठेवा.

एक मात्र कधीही करू नका: लिंबूसत्त्व किंवा व्हिनेगर ब्लीचमध्ये मिसळू नका. त्यातून क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

फणसाचा चीक?
– एक वाचक, काणकोण

पाण्याने जाणार नाही. खोबरेल चोळा, १५ मिनिटांनी चमच्याच्या कडेने खरवडा, मग तेलाचा डाग लिक्विडने काढा.

पावसाळ्यात कपाटातल्या कपड्यांवर काळे ठिपके येतात.
– एक वाचक, फोंडा

ती बुरशी आहे. कपडे घराबाहेर नेऊन झटका, नाहीतर तिची धूळ कपाटभर पसरते. पांढऱ्या सुती कपड्यांसाठी ४ लिटर पाण्यात पाव कप साधे ब्लीच घालून १० मिनिटे भिजवा, नंतर भरपूर पाण्यात खळबळा. रेशीम आणि लोकरीला ब्लीच लावू नका, धागा खराब होतो. जरीची साडी ड्रायक्लीनला द्या. जुने काळे ठिपके बऱ्याचदा कायमचे राहतात. चवथीसाठी ठेवणीतले कपडे काढाल तेव्हा कपाट रिकामे करून आतून पुसा, वाळू द्या आणि किंचितही दमट लागणारा कपडा परत आत ठेवू नका.